‘सहकुटुंब’ म्हणजे आळणी नव्हे

लग्नपत्रिकेच्या तळाशी एक ठरीव विनंती छापलेली असते: सहकुटुंब सहपरिवार अगत्य येण्याचे करावे. ही विनंती करणाऱ्या यजमानाला पक्के ठाऊक असते की, मांडवात येणारा प्रत्येकजण निरनिराळ्या कारणाने येणार आहे. म्हातारी माणसे येतात ती सोयरेधायरे भेटावेत म्हणून; शेतकरी गडी येतात ते पावसापाण्याच्या आणि सोयाबीनच्या भावाच्या गोष्टी करायला; तरणीताठी पोरे एकमेकांना पाहायला; आणि लहानगी तर सरळ सरळ बुंदीवर डोळा ठेवून. तरी मांडव एक असतो आणि पंगतही एक असते. ‘सहकुटुंब’ या शब्दाचा माझ्या समजुतीप्रमाणे खरा अर्थ हा आहे.

परंतु हाच शब्द सिनेमाला, पुस्तकाला, गाण्याला लावला की त्याचा अर्थ एकाएकी पालटतो. ‘सहकुटुंब पाहण्याजोगा’ म्हणजे काय, असे कोणालाही विचारा. उत्तर येते: ज्यात काही वावगे नाही तो. ज्याने कोणाची मान खाली जात नाही तो. म्हणजे त्यात काय आहे हे कोणी सांगत नाही. काय नाही एवढेच सांगतात! मिठाचा खडा न घातलेली मुगाची खिचडी जशी आजाऱ्यापुढे ठेवावी, तशी ही करमणूक घरापुढे ठेवली जाते. मग पोरे ती चिवडतात, मोठे जांभया देतात, आणि घटकाभराने जो तो आपापला मोबाईल घेऊन आपापल्या कोपऱ्यात जाऊन बसतो. वर आपणच म्हणतो की, काळ बदलला, आता घर एकत्र बसत नाही. वाचकहो, घर उठून गेले, कारण ताटात काही नव्हते.

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका खेड्यात शाळा शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. गेल्या पावसाळ्यात सातवीच्या वर्गाला मी विचारले, ‘घरच्या सगळ्यांनी मिळून, शेवटपर्यंत बसून, असे तुम्ही अलीकडे काय पाहिले?’ काहींनी क्रिकेटचा सामना सांगितला. पण जास्तीत जास्त हात वर झाले ते एकाच उत्तराला: आत्याच्या नाहीतर काकाच्या लग्नाची शूटिंग! पोरे हसली, मी मात्र विचारात पडलो. लग्नाच्या शूटिंगइतकी लांबलचक आणि कंटाळवाणी वस्तू जगात दुसरी नसेल. तरी घर ती तीन-तीन तास पाहते. का? तर पडद्यावर माणूस दिसले की आजी सांगते, ही तुझ्या बापाची मावसबहीण. आजोबा सांगतात, याने मांडवात कसा रुसवा धरला होता. पोरगे विचारते, मी कुठे आहे? पडद्यापेक्षा पडद्यासमोरचे बोलणे अधिक रंगलेले असते. कुटुंबाला एकत्र धरून ठेवते ते हे बोलणे. म्हणून माझी कसोटी सरळ आहे. जे पाहून, ऐकून किंवा वाचून झाल्यावर आजी आणि नातू यांना एकमेकांशी बोलावेसे वाटेल, भांडावेसेसुद्धा वाटेल, ते सहकुटुंब. बाकीचे नुसते निरुपद्रवी.

यावर कोणी सुस्कारा टाकून म्हणेल की, पूर्वी असे होते खरे. त्या सुस्काऱ्याशीही माझे भांडण आहे. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचे संगीत, वर्षभर मिळून छप्पन्न गाणी. ज्या घरी रेडिओ होता त्या घरी शेजारपाजार जमत असे. पुढे १९८७-८८ मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ आले, तेव्हाही खेड्यातल्या एका दूरचित्रवाणी संचापुढे अख्खी आळी बसत असे. हे सारे खरे. पण त्यात आपले कर्तृत्व काय? साधन एकच होते, म्हणून माणसे एकत्र बसली. दुष्काळात एका विहिरीवर गाव जमते, त्याला कोणी गावाची एकी म्हणत नाही! आज प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र विहीर आली. आता एकत्र बसायचे तर ते कोणीतरी ठरवावे लागेल, निवडावे लागेल. टंचाईने जे काम फुकट करून दिले, ते आता आपल्याला आपल्या अकलेने करायचे आहे. जुन्या काळाचे गोडवे गाणारे नेमके हे काम टाळतात.

निवडीचा विषय निघाला की पहिला आळशी माणूस पुढे येतो तो शिक्का दाखवत. ‘सेन्सॉरने पाहून दिले आहे ना? मग झाले!’ असो, त्या शिक्क्याचेच पाहू. १९५२ चा चित्रपटांचा कायदा आहे. १९८३ पासून ‘यू’, ‘यूए’, ‘ए’ आणि ‘एस’ असे चार वर्ग झाले. २०२३ च्या दुरुस्तीने त्यातल्या ‘यूए’चे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन पोटभाग पाडले. इंटरनेटवरून घरात येणाऱ्या मालिकांनाही २०२१ च्या नियमांनी असेच वयाचे शिक्के आले. हे सगळे उपयोगाचे आहे. मी त्याची थट्टा करीत नाही. पण शिक्का मारणारा हा फाटकावरचा राखणदार आहे. आत चोर सोडायचा नाही, एवढे त्याचे काम. घरात आज काय शिजवावे हे राखणदाराला विचारत नाहीत. ते स्वयंपाक करणाऱ्याला ठरवावे लागते. ‘यू’चा शिक्का लागलेले कितीतरी चित्रपट असे आहेत की, ते पाहून झाल्यावर घरात एक शब्द उमटत नाही.

दुसरे येतात ते संस्कारवाले. यांचे म्हणणे, मुलांच्या हाती द्यायचे ते बोधपर असावे. मुलगा पुस्तक मिटतो न मिटतो तोच हे विचारतात, ‘काय शिकलास?’ यांनी सर्वांत जास्त छळ केला असेल तर तो ‘श्यामची आई’ या पुस्तकाचा. वाढदिवस आला, दे ‘श्यामची आई’. बक्षीस समारंभ आला, दे ‘श्यामची आई’. आणि घरी नेल्यावर ती कपाटात उभी! साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्याला प्रकरणे नाहीत, रात्री आहेत, बेचाळीस रात्री. श्याम सांगतो आहे आणि भोवती बसलेले ऐकत आहेत, अशी त्याची मांडणीच आहे. म्हणजे हे पुस्तक जन्मापासून चार माणसांत मोठ्याने वाचण्यासाठी आहे. एक रात्र वाचायला फार वेळ लागत नाही. आणि त्यात नुसता बोध कुठे आहे? त्यात कर्ज आहे, भाऊबंदकी आहे, गेलेली अब्रू आहे. सावकाराचा माणूस दाराशी येऊन बसला की घरातल्या बाईला काय वाटते, हे आपल्या या कापूस-सोयाबीनच्या मुलखात समजावून सांगावे लागत नाही. ते वाचताना बापाचा आवाज अडखळला तर पोराला बापाविषयी जे कळेल, ते कुठल्या मूल्यशिक्षणाच्या तासाला मी शिकवू शकणार नाही. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली त्यावर चित्रपट काढला आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले, ते काही तो औषधाच्या बाटलीसारखा होता म्हणून नव्हे.

तिसरे म्हणतात, प्रेमबीम आले की आम्ही बंद करतो. यांना मी मेहकरला घेऊन जाईन. आमच्याच जिल्ह्यातले मेहकर, तिथे ना. घ. देशपांडे वकिली करीत आणि कविता लिहीत. त्यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशींनी गायली, आणि मराठी भावगीताच्या पहिल्यावहिल्या ध्वनिमुद्रिकांमध्ये तिची गणना होते. प्रियकराच्या शिळेने व्याकूळ झालेल्या मुलीचे ते गाणे आहे. दुसरे तिसरे काही नाही. त्या काळी ग्रामोफोनवर ते घरोघर वाजले. सासऱ्याने ऐकले, सुनेने ऐकले. छत्रपती शिवाजी महाराजांच्या मातोश्रींचे जन्मगाव सिंदखेडराजा ज्या जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्याने हे गाणे महाराष्ट्राला दिले आणि कोणाची अब्रू गेली नाही! पुढे १९८६ साली याच कवीला ‘खूणगाठी’साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. प्रेम हा विषय घरात चालत नाही असे नाही. ओंगळपणा चालत नाही. या दोहोंतला फरक मुलाला कळावा कसा, जर दोन्ही आले की आपण सारख्याच घाईने बटण दाबतो?

लपवण्याने काय होते हे तर दिवाळी अंकांच्या वाचकांना मी काय सांगावे! १९५१ साली मधुकर पाटकरांनी ‘आवाज’ काढला आणि त्यातली खिडकीचित्रे गाजली. वरच्या पानावर पाहावे तर काहीतरी भलतेच चालले आहे असा भास. खिडकी उघडावी तर आत अगदी साधी गोष्ट. वडीलमंडळी हा अंक कपाटावर ठेवीत आणि पोरे स्टूल घेऊन तो काढीत, हे कोणत्या घरात झाले नाही? ज्या घरी तो उघडपणे टेबलावर पडलेला असे, त्या घरी सगळे मिळून हसत, आणि खरा विनोद आपल्याच संशयी मनावर आहे हे पोरांनाही उमगे.

आता चित्रांच्या गोष्टींकडे वळू. आपल्याकडे एक समजूत फार घट्ट आहे की, चित्र दिसले म्हणजे ते मुलांचे. या एका समजुतीने दोन्ही बाजूंनी नुकसान केले. शिनचॅन नावाचे जपानी कार्टे आपल्या घराघरांत दिवसभर हिंदी बोलत असते. योशितो उसुई या चित्रकाराने १९९० साली ते काढले, ते मोठ्या माणसांसाठी निघणाऱ्या एका चित्रसाप्ताहिकात! चित्र आहे ना, मग पोरांपुढे लावून द्या, असे म्हणून आपण कामाला निघून जातो आणि संध्याकाळी पोरगे उलट बोलले की कपाळाला हात लावतो. उलट, डोरेमॉन हे १९६९ पासून शाळकरी मुलांच्या मासिकांसाठीच काढलेले. त्यातला नोबिता हा परीक्षेत नापास होणारा, मार खाणारा, आईची बोलणी ऐकणारा मुलगा. त्याला एक असा मित्र मिळतो की जो त्याला टाकून जात नाही. आपले पोरगे हे का पाहते, हे पोरगे सांगणार नाही. शेजारी बसून दोन भाग पाहिले तर बापाला आपोआप कळेल. आणि कळल्यावर प्रगतिपुस्तक हातात घेताना त्याचा हात कदाचित जरा हलका होईल.

मोठ्यांनाही चित्रे वर्ज्य नाहीत, हे ‘चिंटू’ने दाखवून दिले. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये तो सुरू केला. दोन-चार चौकटी, एक खोडकर पोरगा, चाळीससेकंदांचे वाचन. पण वर्तमानपत्र हाती घेतल्यावर मथळ्याआधी त्याच्याकडे वळणारे आजोबा थोडेथोडके नव्हते. अनंत पै यांची ‘अमर चित्रकथा’ १९६७ पासून निघाली, तीही आजीने नातवाच्या हातातून ओढून घेऊन वाचली. आणि ‘चांदोबा’! १९५२ पासून तो मराठीत येऊ लागला. आज निघत नाही. त्यातली विक्रम-वेताळाची कथा आठवून पाहा. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’तून चालत आलेली ही युक्ती अशी की, गोष्टीच्या अखेरीस वेताळ प्रश्न घालतो: सांग, यात खरा अधिकारी कोण, दोषी कोण? विक्रमाने उत्तर देण्याआधी घरातले तीन जण तीन उत्तरे देऊन मोकळे झालेले असत. आठ वर्षांच्या मुलाला प्रेताच्या आणि स्मशानाच्या भीतीची गंमत, साठ वर्षांच्या माणसाला न्यायाचा पेच. एकच पंगत, ज्याचे त्याला मिळाले. सप्त्यातल्या कीर्तनात आपण दुसरे काय पाहतो? बुवांच्या सोंगाला पोरे हसतात आणि त्याच अभंगाला मागे बसलेल्या म्हातारीचे डोळे भरून येतात. आपल्या परंपरेने आळणी असे काही कधी वाढलेच नाही.

‘ते सगळे जुने झाले हो, हल्ली चांगले निघते कुठे?’ हा चौथा आक्षेप. हा आक्षेप घेणाऱ्याने बहुधा गेल्या दहा वर्षांत स्वतः होऊन काही निवडलेले नसते. जे समोर आले ते पाहिलेले असते. २०१४ चा ‘एलिझाबेथ एकादशी’ घ्या. पंढरपूरची यात्रा, जप्त झालेले आईचे यंत्र, बापाने बनवलेली सायकल, आणि आईची आज्ञा मोडून बाजारात उभी राहिलेली दोन भावंडे. आज्ञा मोडली हे बरे की वाईट? या एका प्रश्नावर घरात तासभर वाद होतो. अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ घ्या. बाप वारलेला मुलगा, आईची बदली, नवे गाव. वरवर पाहता काही घडत नाही. आपण म्हणालो असतो, मुलांना काय कळणार! पण २०१४ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात त्याला बक्षीस दिले ते मुलांच्याच परीक्षक मंडळाने. तिथल्या पोरांना कोकणातल्या पोराचे एकटेपण कळले आणि आपल्या पोराला कळणार नाही, असे आपण परस्पर ठरवून टाकतो. आणि २०१८ चा ‘नाळ’ तर विदर्भातल्या खेड्यातला. त्यातल्या चैत्याला कळते की, ही आपली जन्मदाती आई नव्हे. विषय केवढा जड! तरी आठ वर्षांचे पोर तो पाहते, आणि आजी पाहताना म्हणते, ‘अगं बाई, हे तर आपल्यासारखंच बोलते.’ पडद्यावर आपली बोली ऐकू आली की म्हातारी माणसे कशी सावरून बसतात, ते एकदा पाहाच.

उरला वेळेचा आणि पैशाचा प्रश्न. सोयाबीन घरात यायचे, कापूस वेचायचा, भाव पडलेले. अशा घराला मी करमणुकीवर खर्च करा असे सांगणार नाही. पण ‘किशोर’ मासिक १९७१ पासून बालभारती काढते, आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवलेले आहेत. ज्या मोबाईलवर पोरगे रात्री बारापर्यंत जागते, त्याच मोबाईलवर ते आहेत. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, त्याच्या आधाराने चालणारी वाचनालये खेड्यापाड्यांत आहेत. त्यांची वर्गणी एका वेळच्या नाश्त्याहून फारशी जास्त नसते. कपाटांना कुलूप दिसले तर मागणी करणारे कोणी नाही म्हणून ते लागलेले आहे. चार घरांनी रोज पुस्तक मागितले तर ग्रंथपालाला किल्ली खिशात ठेवावीच लागेल.

हे सगळे एवढ्या तावातावाने का, असे कोणी विचारील. करमणुकीचा तर प्रश्न! म्हणून एक गोष्ट सांगतो. सहावीतला एक मुलगा आठवडाभर वर्गात पेंगत होता. बाजूला घेऊन विचारले तेव्हा कळले की, मोबाईलवर त्याने भुताचे काहीतरी भयंकर पाहिले होते आणि रात्री त्याला झोप येत नव्हती. मी विचारले, ‘घरी का नाही सांगितलेस?’ तो म्हणाला, ‘घरी कोनं पाह्यलंच नाही ना गुरुजी, कोनाले सांगू?’

वाचकहो, या वाक्यात सगळे आले. वाईट पाहणे हा धोका आहेच. एकट्याने पाहणे हा त्याहून मोठा धोका आहे. वाईटही चार माणसांत पाहिले तर त्याचा दंश निम्मा होतो, आणि चांगले एकट्याने पाहिले तर त्याचा निम्मा रस वाया जातो. भुताची गोष्ट आजीही सांगत असे. पण सांगून झाल्यावर ती पोराला कुशीत घेऊन झोपत असे. भूत तेच, कूस मात्र आपण काढून घेतली. आज हे पोर भुताविषयी सांगू शकत नाही. उद्या पंधराव्या वर्षी त्याच्या मनात त्याहून अवघड काही येईल, तेव्हा ते कोणाला सांगणार? बोलण्याची सवय ऐन वेळी लागत नसते. ती ‘चिंटू’वर, वेताळावर, सायकलीच्या गोष्टीवर आधी लागावी लागते.

म्हणून माझी मागणी मोजकी आहे. आठवड्यात एक संध्याकाळ. त्या संध्याकाळी घरात एकच वस्तू: एक चित्रपट, किंवा पुस्तकातली एक रात्र, किंवा चार गाणी. निवडायची पाळी प्रत्येकाची. आजीची, बापाची, आईची आणि दहा वर्षांच्या मुलीचीसुद्धा. जो निवडील त्याने ती वस्तू आधी स्वतः पाहिलेली, वाचलेली असावी, आणि ती का निवडली ते सांगावे. लहानग्यांची निवड असेल तर त्यांच्या बाबतीत ही झडती मोठ्यांनी शेजारी बसून घ्यावी. बाकीच्यांनी मध्ये उठायचे नाही. पोरीने डोरेमॉन लावला तर आजोबांनी बसायचे. आजोबांनी ‘गीतरामायण’ लावले तर पोरीने बसायचे. आणि संपल्यावर लगेच दिवा घालवायचा नाही. चहा टाकायचा आणि बोलायचे. ‘काय शिकलास’ हा प्रश्न मात्र त्या रात्रीपुरता बंद.

सुरुवात करायला मुहूर्त शोधायची गरज नाही. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून फराळाच्या ताटाबरोबर अंक घरात आणण्याची मराठी माणसाला सवय आहे. तोच अंक आत्ता आपल्या हातात आहे. तो एकट्याने वाचून उशाखाली ठेवू नका. यातली एखादी कथा, नाहीतर माझाच हा लेख, घरात मोठ्याने वाचा. आणि मास्तराचे म्हणणे कुठे चुकले यावर मुलांना खुशाल भांडू द्या.